चर्मपत्राचा नमस्कार

"वळलं! वळलं!"

ग्रंथेतिहासाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सकाळपासून हाच जप चालू होता. देशोदेशीचे प्राध्यापक निबंधवाचन वाऱ्यावर सोडून प्रदर्शनाच्या दालनात टाचा उंचावून उभे! जुन्या पोथ्यांचे चमत्कार दाखवत फिरणाऱ्या ग्रंथबाबांच्या तळव्यावर एका जुन्या हस्तलिखिताचं सुटं पान होतं, पातळ कातड्याचं. बघता बघता त्याच्या कडा उचलल्या आणि पान आपोआप वळलं.

"पान माणूस ओळखतं," बाबा डोळे मिटून म्हणाले. "निर्मळ मनाला नमस्कार करतं. पदव्यांना नाही, बरं का!"

पदवीवाल्यांनीच माना डोलावल्या. त्यांच्या हातावर पान ढिम्म हललं नव्हतं.

हस्तलिखित होतं काकूंचं. काका गेल्यावर ते ग्रंथालयाला द्यायचं ठरलं होतं. त्यांची पुतणी त्याच ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करायची. तीच काकूंना इथे घेऊन आली होती. आणि आता काकूंनी बेतच फिरवला. ग्रंथ म्हणे बाबांना द्यायचा, आणि बाबा शिवण उसवून एकेका शिष्याला एकेक पान वाटणार!

"काकू, अहो, चिंध्या होतील त्याच्या!"

"माझ्या हातावर मेलं हललंसुद्धा नाही." काकूंचे डोळे भरले. "शेवटच्या आजारात ह्यांच्यावर फार चिडचिड केली गं मी. त्याला कळलं असणार."

पुतणीला बाबांचा असा काही राग आला! तिने काकूंचे हात हातात घेतले. हातांत पांढरे सुती मोजे. तिच्याही हातांत मोजे. दालनातल्या झाडून सगळ्या विद्वानांच्या हातांत मोजे! जुन्या पानाला मोज्यांशिवाय हात लावायचा नाही, हा परिषदेचा शिरस्ता. उघडे हात एकट्या बाबांचे. त्यांना सांगणार कोण? रोज कातड्याशी झटणाऱ्या तिला हे सकाळीच सुचायला हवं होतं. पण गर्दीत अक्कल गहाण पडते ती अशी.

प्रात्यक्षिकाच्या टेबलावरून तिने नव्या चर्मपत्राचा पातळ तुकडा आणि ओला स्पंज उचलला.

"बाबा, हा ओळखेल का कुणाला?"

"कोरं पान मुकं असतं, बाळ."

तिने मुका तुकडा स्पंजवर ठेवला. कडा उचलल्या. तुकडा वळला.

"स्पंज भलताच निर्मळ मनाचा दिसतो!" मागून एक प्राध्यापक म्हणाले आणि हशा पिकला.

"खालून ओल लागली की कातड्याची खालची बाजू फुगते, वरची तशीच राहते," पुतणी म्हणाली. "म्हणून पान वर वळतं. तळहाताचा घामही पुरतो. मोज्यांतून तो पानापर्यंत पोचत नाही, इतकंच!"

बाबा स्पंदनांबद्दल काहीतरी बोलू लागले, पण ऐकतंय कोण? सगळे मोजे ओढून काढण्यात गुंतले होते.

पुतणीने काकूंचे मोजे काढले आणि तळव्यावर कोरा तुकडा ठेवला. वळला.

"घामच ना गं?"

"घामच, काकू."

"मग ह्यांच्याबद्दल त्याला काही ठाऊक नाही?"

"कातड्याला काय ठाऊक असणार? रात्रंदिवस त्यांचं सगळं तुम्ही केलंत, ते मी पाहिलंय."

काकू आधी रडल्या. मग नाक पुसून त्यांनी बाबांसमोरचा ग्रंथ उचलला आणि पुतणीच्या हातात दिला. "ने ग्रंथालयात. एक जरी पान कमी झालं तर कान धरीन तुझा."

मंडळी, कातडं ओल ओळखतं, मन नव्हे. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढं विचारा: दुसऱ्या कशावर ठेवलं तरी हेच होईल का? विचारल्याने कुणाचं काही बिघडत नाही. विचारलं नाही, तर एखादी भली बाई स्वतःलाच दोषी धरून रडत बसते.