कोटाच्या दुमडीतल्या चकत्या

माझी जीभ तिखट आहे, हे आमच्या दवाखान्यात कोणालाही विचारा. वीस वर्षं नर्स म्हणून दारातच पोरांची वजनं करते आणि आकडा खणखणीत आवाजात ओरडते. आत डॉक्टरबाई तो लिहून घेतात, माझी खेप वाचते. थंडीत कोट काढला की पोरं भोकाड पसरतात, म्हणून कोटासकटच उभं करायचं आणि अर्धा किलो वजा करायचा. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "हात बसलाय माझा!"

दम्याची एक पोर यायची, पाच वर्षांची. तिला सगळे पिटुकली म्हणायचे. आई पडदे शिवायची. गेल्या आठवड्यात पिटुकली चक्क सोळा किलो भरली. मी खूश! त्या सोळावर डॉक्टरबाईंनी दम्याचं पातळ औषध ठरवलं. हे औषध भारी नाजूक. कमी पडलं तर दम हटत नाही, जास्त झालं तर अंगावर येतं.

चौथ्या दिवशी आई तिला कडेवर घेऊन धावतच आली. पोर ओकत होती, हात थरथरत होते, छाती नुसती धडधडत होती.

"मापाच्या पिचकारीनंच दिलं हो, रेघेवर!" आई रडत म्हणाली.

मी पोरीचा कोट काढला, तर तो हातातून खालीच ओढला गेला. दुमड चाचपली. आत जड चकत्या, पडदा नीट लोंबावा म्हणून शिवतात तशा. ओळीनं, बारीक टाक्यात.

"अगं बाई, हे काय?"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "गडबडीत उसवायच्या राहिल्या. मागच्या महिन्यात तुम्ही सगळ्या रांगेसमोर म्हणालात, 'तेरा किलो! पोरीला जेवायला घालतेस की नुसती हवा खायला देतेस?' घास घास भरवते हो मी. खोकला आला की सगळं बाहेर. वाटलं, काट्यावर तर उभं राहायचंय, आकडा तेवढा वाढेल. औषध वजनावर ठरतं, हे मला कुठं ठाऊक?"

कुठून ठाऊक असणार? मी फक्त ओरडले होते, सांगितलं कधी नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"वजन कोणी केलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी. कोटासकट केलं. चूक माझीच आहे."

औषध बंद करून पोरीला दिवसभर तिथंच ठेवलं. मी तिच्या बाजूनं हलले नाही. दुपार कलली तशी थरथर थांबली आणि तिनं पाणी मागितलं. माझ्या जिवात जीव आला.

घरी सोडण्याआधी पुन्हा वजन करायचं होतं. मी कोट बाजूला ठेवला, तिला नुसत्या फ्रॉकवर काट्याकडे नेलं. चढण्याआधी पिटुकलीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही कानांवर घट्ट हात ठेवले.

मी आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि स्वतः आत नेऊन दिला.