कायाकवर पहिला मान जावयाचा

आमच्या शहराच्या छावणीतला एक निवृत्त फौजी गोव्याहून कायाक, म्हणजे वल्ह्याच्या लहान होड्या, मागवून विकतो. तो मला पुन्हा पुन्हा रुंदच होडी दाखवत होता. "मॅडम, अकेले समंदर में जाना है ना? ये पलटेगी नहीं." मी म्हणलं, "चाचा, मला पलटणारीच पाहिजे."

माझंबी खोटं नव्हतं. लांब, अरुंद कायाक लाटांतून सरळ आणि जोरात जाते. फक्त बसणाऱ्याचं अंग तिला घट्ट चिकटलेलं पाहिजे, कंबर, गुडघे, तळपाय, सगळं. जरा ढिलं बसलं की ती माणसाला फेकून देते. मला समुद्रासाठी तीच पाहिजे होती. आन् दाजीसाठीबी तीच.

दाजी म्हणजे माझी थोरली बहीण मनकर्णाआक्का, तिचा नवरा. नाव नानासाहेब. काही वर्षांमागं आम्ही मालवणला गेलो होतो. आक्का पाण्याला लई भेते, म्हणून दोघांच्या कायाकमध्ये दाजी आणि मी बसलो. लाट आली, उलटलो. या बाप्यानं माझ्या खांद्यावर पाय दिला, मला खाली दाबलं आणि स्वतः वर आला. कशीबशी वर येऊन मीच होडी सुलटी केली, मीच त्याला ओढून आत घातलं. किनाऱ्याला लागलो तर हा छाती फुगवून सांगतोय, "आवडाला मी वाचवलं!" मी खारं पाणी ओकत होते, बोलणार काय डोंबल?

तवापासून हळद असो की बारसं असो, दाजीचं मालवण सुरू. तेबी सोसलं असतं. पण गारखेड्यात एका शाळेत पोरींना पोहायला शिकवायची नोकरी मला मिळत होती, आणि तिथल्या मंडळात हाच बसलेला. कुणीतरी म्हणालं, "जिला पाण्यातून ओढून काढावं लागलं, ती काय शिकवणार?" दाजी मान खाली घालून गप्प. तिथल्याच एका बाईंनी मला सांगितलं. नोकरी गेली. अहो, पोहण्याबिगर मला दुसरं येतंच काय? त्या दिवशी ठरवलं, याला चार माणसांत पाण्यात नाय पाडला तर नावाची आवडा नाय.

कायाक घरी आली. सोफा भिंतीला सरकवून हॉलमध्येच मांडली. पाय टेकायच्या पट्ट्या माझ्या आखूड पायांच्या मापानं जवळ घेतल्या. कंबरेच्या दोन्ही बाजूंना बसवायला फोम कापला. बसून बघायचं, पुन्हा तासायचं, पुन्हा बसायचं. मी हलले की होडी हलली पाहिजे, इतकं घट्ट. पुढच्या-मागच्या बंद कप्प्यांत पाणी सोडून गळती तपासली. पाणी उपसायचा पंप, सुटं वल्हं, होकायंत्र, सगळं जागच्या जागी बांधलं. मालवणहून वेंगुर्ल्यापर्यंत एकटीनं जायचं होतं.

त्याच्या आधी पूजा. सगळ्या पाहुण्यांना नाथसागर धरणाच्या काठावर बोलावलं. आमच्या घरात नव्या गाडीचा पहिला फेरा जावयाचा, तो मान कुणी मोडत नाय. आणि मालवणचा शूर वीर नाय म्हणणार कसा? निघायच्या आधी मी कंबरेचा फोम काढून ठेवला. एक तर त्याचं बूड मावलं पाहिजे, आणि उलटल्यावर तो आत अडकायला नको. मला त्याची फजिती पाहिजे होती, मयत नाय.

आक्कानं होडीला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, दाजीला ओवाळलं. दाजी बसला. मोबाइल सरसावले. त्यानं फोटोसाठी हात वर केला, आणि धप्प!

मी उडी टाकून त्याच्याजवळ गेले. बुडत्याला धरायचंच होतं मला, सगळ्यांच्या देखत. पण त्यानं माझे केस धरले, मला खाली दाबलं आणि माझ्या खांद्यावर पाय दिला. बाई गं, तोच पाय, तसाच! मी त्याला ढकलून वर आले आणि ओरडले, "दाजी, पाय टेका! पाणी छातीइतकंच हाय!"

तो उभा राहिला. काठावर सगळे खो खो हसले. मग मी म्हणलं, "मालवणला असंच झालं व्हतं. फक्त तिथं टेकायला जमीन नव्हती." हसणं बंद झालं. दाजीला माझ्याकडं बघवेना. काय सांगू, काळजात गार वाटलं मला!

आक्का त्याला टॉवेल गुंडाळत होती. मी ओल्या अंगानं तिच्याजवळ गेले. "बघितलंस, आक्का? आता तरी पटलं?"

"मला तवाच ठाऊक व्हतं," ती हळूच म्हणाली. "मालवणहून आल्यावर रडत सांगितलं त्यांनी."

"आन् शाळेच्या वेळी?"

"मीच म्हणलं, गप्प बसा. तुला दुसरी नोकरी मिळंल, आवडे. यांची इज्जत गेली असती तर मी कुठं तोंड दाखवलं असतं?"

दाजीवर इतका राग धरला, आणि ही दर सणाला माझ्या पानात पुरणपोळी वाढत होती.

मी होडी काठावर ओढली, फोम पुन्हा बसवला, कायाक गाडीवर बांधली. आक्का मागं आली. "मालवणहून आलीस की घरी ये गं."

"तुझ्या घरी? मेले तरी नाय."

आक्का माघारी गेली आणि दाजीचा ओला सदरा पिळायला लागली.