एक हलेल, एक थांबेल

हल्ली टॉवरची शिडी दिसली की दाजींचे गुडघे आधी बोलायचे, मग दाजी. आज तर गुडघ्यांनी गाडीतून उतरतानाच तोंड उघडलं होतं.

‘दाजी’ हे त्यांचं कंपनीतलं नाव. खरं म्हणजे ते दाजी एकाच माणसाचे, बायकोच्या धाकट्या भावाचे. पण हा मेहुणा त्यांच्याच हाताखाली काम शिकला, ‘दाजी, पाना द्या, दाजी, दोर सोडा’ असं वरून ओरडत राहिला, आणि बघता बघता स्टोअरवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी तेच नाव उचललं. साऱ्या कंपनीची बहीण माझ्याच घरात नांदते की काय, असं दाजी म्हणायचे. पूर्वी हसून म्हणायचे. आता नुसतंच म्हणायचे.

आजचं काम टेकडीवरच्या छोट्या दवाखान्याचं. खाली शहरातल्या उंच टॉवरवर एक डिश, दवाखान्याच्या मागच्या टॉवरवर दुसरी. दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे नेमकं बघितलं की मधल्या हवेतून दवाखान्याला इंटरनेट मिळणार. ऐकायला सोपं. पण मैलोन्‌मैल लांब असलेल्या ताटाएवढ्या डिशला दुसऱ्या ताटाएवढ्या डिशने बरोबर टिपायचं, आणि तेही कमरेला पट्टा बांधून, एका पायावर भार देऊन, वाऱ्यात. बोल्ट केसभर जास्त फिरला की सिग्नल गायब.

उंच टॉवर मेहुण्याने घेतला होता. गेले कित्येक महिने तोच घ्यायचा, न विचारता. सकाळी गोदामात सामान वाटून घेताना म्हणाला, “शहरातला मी बघतो, टेकडीवरचा तुम्ही घ्या,” आणि दाजींच्या उत्तराची वाट न बघता दोराचं भेंडोळं खांद्यावर टाकून निघालासुद्धा. दाजींच्या मनात ते सलत होतं. शिकवून शहाणा केला आणि आता हाच आपल्याला ठेंगणे टॉवर वाटून देतो. शिंगं फुटली की वासरू गाईला ढुशी मारतं, त्यातली गत. पण बोलणार कुठल्या तोंडाने? उंच टॉवर मिळत नाही याचा राग यायचा, आणि मिळाला नाही म्हणून मनातल्या मनात हायसंही वाटायचं. त्या हायसं वाटण्याचीच त्यांना लाज होती.

कारण दाजींना वर चक्कर यायला लागली होती.

हे फक्त बायकोला ठाऊक होतं. तेही त्यांनी सांगितलं नव्हतं. घरातला पंखा पुसायला ते स्टुलावर चढले आणि चढल्या चढल्या भिंत धरून उभे राहिले. टॉवरवर जन्म काढलेला माणूस स्टुलावर पांढराफटक पडलेला बघून तिने आधी त्यांना हात धरून खाली उतरवलं. रात्री म्हणाली, “माझ्या भावाला सांगा. आपल्याच माणसाला सांगायला कसली लाज?” दाजींनी तिला मुलांची शपथ घातली. सांगितलं की संपलं. मग स्टोअरमध्ये खुर्चीवर बसून नटबोल्ट वाटायचे, आणि कालची पोरं वरून उतरून ‘दाजी, चहा घेतला का?’ विचारणार. त्यापेक्षा ढकलता येईल तेवढं ढकलू, असा त्यांचा हिशेब.

दवाखान्यातली सिस्टर पायरीवर उभी होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, “आज होईल ना हो? मागच्या आठवड्यात नुसता एक्स-रे मोठ्या डॉक्टरांना दाखवायचा म्हणून मोडलेल्या पायाचा माणूस जीपमध्ये घालून पाठवला. वाटेभर ओरडत होता बिचारा.”

“होईल,” दाजी म्हणाले. पाणी प्याले आणि पट्टा आवळला.

वर चढताना ते पायऱ्यांकडे बघत नव्हते, हातांकडे बघत होते. हुक लाव, चढ, दुसरा लाव, पहिला काढ. अंग आपलं काम पाठ म्हणत होतं, पण जीव कंटाळून गेला होता. हा एका दिवसाचा शीण नव्हता. झोपून उठल्यावरही जो खांद्यावर तसाच बसलेला असतो, तो होता. डिशजवळ पोचल्यावर त्यांनी दोन्ही हुक अडकवले, डोकं लोखंडाला टेकवलं आणि वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

“पोचलो.”

“मी केव्हाचा तयार,” मेहुण्याचा आवाज आला. “आधी मी हलतो, तुम्ही थांबा.”

हा त्यांचा कायदा. एक हलेल, एक थांबेल. दोघेही एकदम डिश फिरवायला लागले तर दिवस मावळला तरी गाठ पडत नाही. जो थांबला त्याने अंगाला मुंगी चावली तरी हलायचं नाही, नुसते सिग्नलचे आकडे वाचून दाखवायचे. हलणाऱ्याचं झालं की त्याने म्हणायचं, “आता तू हल.” हे दाजींनीच बसवलेलं.

मेहुण्याने आपली बाजू लावून बोल्ट आवळले. “झालं. आता तुम्ही हला. मी थांबलो.”

दाजींनी पाना लावला. ह्या धंद्यात आकडे उणे असतात. जेवढं उणं कमी तेवढं बरं. कागदावर हिशेब होता उणे पन्नासचा. दाजी सावकाश फिरवत गेले आणि मेहुणा कानात वाचत गेला. “उणे ऐंशी. अठ्ठ्याहत्तर. पंच्याहत्तर. बाहत्तर. बाहत्तर. चौऱ्याहत्तर, पडायला लागला.”

दाजी थांबले. थोडं मागे घेतलं. पुन्हा बाहत्तर.

हा उंचवटा खोटा होता. डिशचा खरा झोत मधोमध असतो, पण त्याच्या दोन्ही अंगांना बारीक खोटे झोत असतात. नवशिका तिथेच फसतो. आकडा चढला, पडला, म्हणजे सापडलं, असं समजून आवळून मोकळा होतो. कोरड्या हवेत ते चालतंही, आणि पहिल्या वादळी दिवशी बंद पडतं. खऱ्या झोतासाठी हातात आलेला आकडा सोडायचा, सिग्नल पार मरू द्यायचा आणि तसंच पुढे जायचं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं जग म्हणतं. टॉवरवाल्याला नेमकं तेच करावं लागतं. मेहुणा नवा असताना दाजींनी त्याला ह्यावरून किती झापलं असेल, त्याला गणती नव्हती.

पण पुढे जायचं म्हणजे डिशच्या पलीकडच्या बाजूला सरकायचं, पाय बदलायचा. दाजींनी पाय उचलला, आधार शोधायला नजर खाली गेली, आणि दवाखान्याचं छप्पर, सिस्टर, जीप, सगळं हळूच एका कुशीवर वळलं. त्यांनी खांबाला मिठी मारली.

“बाहत्तर बास,” ते म्हणाले. “आवळतो.”

मेहुण्याने आकडे वाचायचं सोडलं. मग, “दाजी, हे तुम्ही म्हणताय?”

“हवा दमट आहे. कागदावरचे आकडे कागदावर. आवळतो म्हटलं ना!”

“खोटा आहे तो. तुम्हाला माहीत आहे.”

“तू मला शिकवणार?” दाजी ओरडले. “उंच टॉवर पळवतोस, आता अक्कलही शिकव!”

ओरडल्याने डोकं आणखी गरगरलं. त्यांनी डोळे मिटले. खाली सिस्टर वर बघत असणार, हे त्यांना मिटल्या डोळ्यांनीही दिसत होतं. ‘होईल’ म्हणून तिचं पाणी प्यालो. आता खोटं आवळायचं, खाली जाऊन ‘झालं’ म्हणायचं, आणि वादळी दिवशी कुणाचा तरी मोडका पाय पुन्हा जीपमध्ये. आयुष्यात चुका पुष्कळ झाल्या होत्या, पण माहीत असून खोटा बोल्ट त्यांनी आवळला नव्हता. त्यांना रडू आलं. दमल्यावर पोरांना येतं तसं, काही विशेष कारण नसताना.

“अरे,” ते म्हणाले, “मला वर चक्कर येते.”

“माहीत आहे.”

“काय?”

“ताईने स्टुलाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं. उगाच का उंच टॉवर घेत होतो? मला काय हौस आहे? माझेही खांदे गेलेत.” मग आवाज बदलला. “दोन्ही हुक लावलेत ना? असू द्या ते काम. उतरा. उद्या मी येतो तिकडे.”

इतके महिने ज्याच्यावर मनातल्या मनात दात खाल्ले, तो एवढ्यासाठी मुकाट्याने उंचच्या उंच शिड्या चढत होता. आणि बायको! मुलांची शपथ घेऊनही तिने एक दिवस धीर धरला नाही. देव तिचं भलं करो.

“उतरत नाही,” ते म्हणाले. “तू हलू नकोस. मी हलतो. वाचत राहा.”

“दाजी—”

“वाच!”

डोळे मिटूनच त्यांनी पायाने आधार चाचपला. सापडला. पाना कुठे आहे हे हाताला माहीत होतं. त्याला डोळ्यांची गरज कधीच नव्हती. हातातले बाहत्तर त्यांनी सोडून दिले.

“पंच्याहत्तर. ब्याऐंशी. नव्वद,” मेहुणा वाचत होता. “गेला. काहीच नाही. अजून काही नाही.”

वारा तेवढा ऐकू येत होता. दाजी फिरवत राहिले.

“काही नाही. थांबा, आला. पंच्याऐंशी. सत्तर. दाजी, हळू. साठ. पंचावन्न. एक्कावन्न! एक्कावन्न! एक्कावन्न!”

थोडं पुढे, थोडं मागे, आणि दाजींनी तिथेच आवळलं. मग डिश वर-खाली करणारा बोल्ट. सगळं झाल्यावर पाना खिशात घातला आणि खांबाला कपाळ लावून उभे राहिले. काम झालं होतं आणि त्यांचंही झालं होतं. उद्या साहेबांना सांगायचं. स्टोअरमध्ये तर स्टोअरमध्ये. वाईट वाटत होतंच, पण पाठीवरून पोतं उतरल्यासारखंही वाटत होतं.

“आता उतरतो,” ते म्हणाले. “तूही उतर, ऊन चढलंय.”

“मी नाही उतरत. कायदा काय आहे?”

“काम संपलं की रे.”

“तुम्ही अजून हलताय ना? मग मी थांबलोय. तुमचे पाय जमिनीला लागेपर्यंत मी हलणार नाही. पहिला हुक काढा. बोला माझ्याशी.”

दाजी उतरू लागले. प्रत्येक पायरीला “एक हुक काढला”, “लावला”, “पाय टेकला” असं सांगत, आणि दूर कुठेतरी, न दिसणाऱ्या उंच टॉवरवर, उन्हात लोखंडाला लटकून मेहुणा प्रत्येक वेळी “हं” म्हणत होता. अर्ध्यावर दाजी दम खायला थांबले, आणि तो ‘हं’सुद्धा थांबून राहिला.

शेवटी बुटाखाली माती लागली. सिस्टर धावत आली. दाजींनी तिला हाताने थांब म्हणून खुणावलं आणि बटण दाबलं.

“लागले पाय,” ते म्हणाले. “आता तू हल.”