सोळा संथ की आठ चपळ

लेक फोनवर सहज बोलून गेली, "आई, घरी दणकट मशीन असतं ना, तर तिथूनच काम केलं असतं मी. चांगले दोन-तीन महिने राहिले असते." इमारत उभी राहायच्या आधीच ती कशी दिसेल, याची हलती चित्रं ती करते. साध्या कॉम्प्युटरला ते काम झेपत नाही.

झालं. आमचे हे कामाला लागले. उभी हयात सर्व्हरच्या थंडगार खोलीत स्वेटर घालून काढलेला माणूस, नवी वस्तू घेईल तर शपथ! म्हणाले, "कंपन्या जुने सर्व्हर मोडीत काढतात, पण आतले प्रोसेसर ठणठणीत असतात. तेच घालू." त्या प्रोसेसरना चालणारा मदरबोर्डही आणला. मी लेकीची गादी उन्हात टाकली.

मग सुरू झालं तुलनेचं गुऱ्हाळ. दुकानात दोन प्रोसेसर होते. एकात सोळा कोर, पण प्रत्येक संथ. दुसऱ्यात आठच, पण चपळ.

"म्हणजे एकीकडे माणसं जास्त पण रमतगमत काम करणारी, आणि दुसरीकडे मोजकी पण चटपटीत," मी म्हटलं. "चटपटीत घ्या आणि मोकळे व्हा."

"तसं नसतं गं. चित्र रचताना चपळ बरा, पण शेवटी सगळं एकदम तयार करायला सोळा लागतात. शिवाय वीज, उष्णता..."

असे महिने गेले. रोज नवे आकडे, रोज नवी शंका. लेकीचा फोन आला की हे म्हणायचे, "बघतोय, घाई नको." घोडं कुठं पेंड खातंय तेच मला कळेना. मला लेक हवी होती. तिचे ओले टॉवेल, तिची आरडाओरड, अर्धवट प्यायलेले चहाचे कप, सगळं हवं होतं. शेवटी माझं डोकं फिरलं. मी स्वतः दुकानात गेले आणि आठवाला घेऊन आले.

ह्यांनी मुकाट्याने तो बसवला. बटण दाबलं. पंखे भणभणले, दिवे लागले. स्क्रीन मात्र काळाच.

"ह्या प्रोसेसरात चित्र दाखवायची सोय नसते," हे म्हणाले. "सर्व्हरला कुठे कोण स्क्रीन लावून बसतं? वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं? जन्म गेला ह्यात, आणि एवढं विसरलात?"

"विसरलो नव्हतो."

इतके दिवस ह्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

"मशीन नाही म्हणून ती येत नाही, असं आत्ता म्हणता तरी येतं," ते बोर्डाकडे बघत म्हणाले. "उद्या हे सुरू झालं, आणि तरीही ती आली नाही, तर?"

मला रागवायचं होतं. पण हीच भीती मलाही होती, म्हणून तर मी एवढी घाई करत होते. मी बटण बंद केलं, पंखे थांबेपर्यंत तिथेच उभी राहिले, आणि मग त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसले.

"कार्डांतही बरेच प्रकार असतील ना?" मी विचारलं.

"खूप."

"मग नीट बघून घ्या. घाई नको."