बोनेटवरचा खडूस

गिऱ्हाईक शेजारी उभं राहिलं की गाडी धुणाऱ्याचा हात जड होतो. रामजी गुरुजी तर स्टूल टाकून बसायचे. जागा त्यांचीच. बोर्ली पंचतनच्या रस्त्यालगतचं आपलं अंगण त्यांनी रत्नपालला दुकान काढायला दिलं होतं, आणि अंगणासोबत सूचना फुकट. आज तर गाडीही त्यांचीच होती.

"आरशामागे राहिलं."

"व्हय, गुरुजी."

"हे काय फासतोयस?"

"पॉलिमर सीलंट. रंगावर पातळ थर बसतो, डोळ्यांना दिसत न्हाय. खारा वारा, ऊन, कावळ्यांची कृपा, सगळं त्या थरावर. रंगाला धक्का न्हाय. पाणी पण पसरत न्हाय, टपोरे थेंब होऊन उभं राहतं."

"मग दारापाशी नीट फास."

गुरुजी चहाला आत गेले तेव्हा फक्त बोनेट उरलं होतं. रत्नपालने बोट सीलंटमध्ये बुडवलं आणि बोनेटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : खडूस. शेजारी पंक्चर काढणारा हुझैफा इतका हसला की हातातली ट्यूब टपात पडली. लिहिलेलं वाळल्यावर रत्नपालने ते फडक्याने पुसलं. बोनेट कोरं दिसू लागलं. आता रीतसर थर द्यायचा, तेवढ्यात गुरुजी चावी घेऊन बाहेर आले. काशीदला जायचंय, निघतो, म्हणाले. बोनेट राहिलंय हे रत्नपाल बोलला नाही. बोलला असता तर ते परत स्टुलावर बसले असते.

संध्याकाळी गाडी परत आली. गुरुजींनी पाण्याची बादली उचलली आणि बोनेटवर ओतली. पाणी सगळीकडे सपाट पसरलं. मधोमध मात्र थेंबांची तीन टपोरी अक्षरं उभी राहिली.

रत्नपालला गाडीखाली शिरावंसं वाटलं. गाडी फार ठेंगणी होती.

"गुरुजी, कुठल्यातरी पोरांनी..."

"त्या 'डू'ची शेपटी तुझी हाय. तिसरीत हात धरून गिरवून घेतलाय."

हुझैफाने आपल्या दुकानाचं शटर ओढून घेतलं. आतून.

"काशीदला शिवदासकडे गेलो होतो," गुरुजी म्हणाले. "त्याच्या हॉटेलच्या सगळ्या गाड्या तुझ्याकडे याव्यात म्हणून. म्हटलं, आमच्या पोराचं काम बघ. आणि माझ्याच हातानं पाणी ओतलं."

रत्नपालचे कान तापले. "मग?"

"त्याने मोठ्याने वाचलं. मग त्याच्या बायकोने. आचारी पण भाजी टाकून येऊन वाचून गेला."

"गुरुजी..."

"काम मिळालं तुला. गाड्या भिजल्या की हॉटेलचं नाव असंच उमटलं पाहिजे म्हणतो. अक्षर हेच हवंय."

शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं. रत्नपालची नजर गुरुजींच्या चपलांवरून वर येईना.

गुरुजींनी स्टूल ओढलं. "आता उरलेलं बोनेट कर. नायतर खाऱ्या वाऱ्याने रंग जायचा आणि नाव तेवढं राहायचं."

रत्नपालने बोनेट कोरडं केलं, थर द्यायला घेतला. गुरुजी बसून होते. एकही सूचना येत नव्हती. इतका जड हात त्याचा कधीच झाला नव्हता.

शेवटी तोच खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, कडेला कुठं राहिलंय का, बघता?"

"राहिलंय," गुरुजी न बघताच म्हणाले.