बाबांचा रंग मी जाळला नाही

मी एक जुनी पॉलिशची मशीन आहे आणि आज माझे डोके फिरले आहे. फिरणे हाच तुझा धंदा, असे म्हणून हसू नका, मित्रांनो. आधी ऐकून घ्या.

कारखान्यातून निघाले ती मी थेट एका रंगाऱ्याच्या शेडमध्ये आले. घरातले त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणते. ते गाड्या रंगवत आणि मी त्या चमकवत असे. मला हातात घेण्याआधी ते पत्र्यावर तळहात ठेवून बघत. चटका बसला, की गाडी सावलीत ढकलून निवांत चहा पीत बसत. गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी ते हलत नसत. माझ्या चकतीवरची लोकरीची टोपीसुद्धा ते स्वतः धूत. असे लाड पुढे कोणी केले नाहीत.

स्वतःच्या गाडीचा रंग बाबांनी स्वतः कालवला होता. निळा म्हणावा तर हिरवा, हिरवा म्हणावा तर निळा. त्यात काय काय घातले, ते कोणालाही न सांगता एक दिवस ते गेले. तो रंग पुन्हा कोणाला जमणार नव्हता.

मग वाटण्या झाल्या. थोरल्याला शेड मिळाली, धाकट्याला गाडी आणि मी. मध्ये भिंत उभी राहिली आणि भावाभावांचे बोलणे बंद झाले. मी जिन्याखाली रिकाम्या डब्यांमागे पडून राहिले. उंदरांनी माझ्या वायरचे वरचे आवरण कुरतडले, तरी कोणी ढुंकून पाहिले नाही.

काल थोरला कोणाला तरी म्हणाला, "बाबांच्या गाडीचं धाकट्याने पार भंगार करून ठेवलंय." ते धाकट्याच्या कानावर गेले. झाले! थोरला दुपारी जेवायला घरी येतो, नेमकी तीच वेळ साधून याने आज गाडी फाटकासमोर भर उन्हात उभी केली आणि मला ओढून बाहेर काढले. अंगणात अनवाणी पाऊल टेकवत नव्हते.

भिंतीपलीकडून थोरल्याची बायको म्हणाली, "भावजी, पत्रा तापलाय. गाडी शेडमध्ये घ्या ना, मी दार उघडते."

"तुमची सावली तुम्हालाच लखलाभ, वहिनी!"

"अहो, बाबा असं उन्हात कधी करायचे का?"

"मला शिकवू नका."

पॉलिश पत्र्यावर पडताच सुकून खडखडीत होत होते. ते पसरेना, तसा हा मला आणखी जोराने दाबू लागला. मी घुरघुरले, तापले, जळका वास सोडला. याहून मी काय करणार? बटण त्याच्या बोटाखाली होते. बोनेटवर धुरकट डाग उठले, मग कडेचा रंगच निघाला आणि खालचा करडा थर उघडा पडला. तेव्हा कुठे त्याने मला बंद केले.

थोरला फाटकात येऊन उभा होता.

"अरे, काय केलंस हे!"

धाकटा मटकन खाली बसला. "दादा, बाबांचा रंग गेला रे," म्हणून तो रडायलाच लागला.

थोरल्याने त्या जागेवर बोट टेकवले आणि चटका बसून झटकले. त्याचेही डोळे भरले. मला वाटले, आता तरी कोणी खरे बोलेल. तर म्हणतो कसा, "तुझी काय चूक? ही मशीनच भिकार आहे."

"भिकारच आहे," धाकट्याने लगेच मान डोलावली.

वाटण्यांनंतर पहिल्यांदाच दोघांचे एकमत झाले, तेही माझ्या नावाने बोटे मोडण्यात! मग दोघांनी मिळून गाडी शेडमध्ये नेली. वहिनींनी पाणी आणले.

भाऊ एक झाले, याचे मलाही बरे वाटते. खोटे कशाला बोलू? पण मित्रांनो, आपली चूक असेल तर आपली म्हणा. ज्याला तोंड नाही त्याच्या माथी ती मारू नका.

ते दोघे अजून सावलीत बसून गप्पा मारत आहेत. मी इथे उन्हात, जिथे टाकली तिथेच पडले आहे. त्यांच्यापैकी कोणाला थोडी जरी लाज असेल, तर त्याने उठावे आणि मला आत न्यावे.