तुमच्या श्वासाबरोबर दाबा

त्या वॉर्डात व्हेंटिलेटर चार होते. म्हणजे मोजायला चार. एकाचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं होतं, दुसऱ्याच्या अंगावर आया ओले एप्रन वाळत घालायच्या, आणि तिसऱ्याचा कुठलासा भाग मागवल्याला दोन वर्षं होऊन गेली होती. त्यासाठी लिहिलेल्या पत्रांची फाइल आता त्या यंत्रापेक्षा जड झाली असेल. चालत होता तो एकटा चौथा. त्याच्याखाली कोणी ना कोणी असायचंच. बाकीच्यांसाठी होता फुगा.

फुगा म्हणजे लहान भोपळ्याएवढी रबरी पिशवी. पेशंटच्या घशात नळी घातलेली असायची, तिला तो जोडायचा. दाबला की छाती वर येते, सोडला की खाली जाते. डॉक्टर मोजके, सिस्टर त्याहून मोजक्या, म्हणून फुगा नातेवाइकांच्या हातात. मुलगा आईसाठी दाबतोय, बायको नवऱ्यासाठी दाबतेय, पाळ्या लावून, कधी दोन दिवस, कधी चार. बोटं सुजायची, मनगटं धरायची, पण कोणी कुरकुर करत नसे. देवाने एकाला दिलेला श्वास त्याने दुसऱ्याला हाताने पोचवायचा, असा तो तिथला कारभार होता.

नातेवाइकांना फुगा शिकवणं हे काम नव्या डॉक्टरकडे होतं. नवा म्हणजे सहा महिन्यांचा, शिकाऊ. अंगाने काटकुळा, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली. आणि त्याच्याआधी हेच काम तीस वर्षं मोठ्या सिस्टरांनी केलेलं. सिस्टर सतत काहीतरी गुणगुणायच्या, म्हणून शिकाऊ डॉक्टरांनी त्यांचं नाव ‘रेडिओ’ पाडलं होतं. त्यांना ते माहीत होतं. "बंद पडत नाही तोवर ऐका," एवढंच म्हणायच्या.

सिस्टरांची शिकवण्याची रीत न्यारी. माणूस रडत-भेकत पलंगापाशी यायचा, आणि या विचारायच्या, "गाणं कोणतं येतं तुम्हाला?"

माणूस बावचळायचाच. "गाणं?"

"अंगाई चालेल, देवाचं चालेल, शाळेतली कविता चालेल. पण संथ हवं." मग त्याच्या हातावर आपला हात ठेवून त्या स्वतःच सूर धरायच्या. "ओळीच्या पहिल्या शब्दाला दाबायचं. मग ओळ संपेपर्यंत हात सैल. आत गेलेली हवा बाहेर यायला तिला सवड द्यायची. कळलं? म्हणा आता माझ्याबरोबर."

नव्या डॉक्टरला हे सगळं वेळखाऊ वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं गावंढळही. एकाला गाणं आठवेपर्यंत दुसऱ्याचा पेशंट निळा पडायचा. त्याने आपली रीत काढली. "तुम्ही श्वास घ्याल तेव्हा दाबा, सोडाल तेव्हा सोडा. तुमच्या श्वासाबरोबर. बस." अर्ध्या मिनिटात शिकवून मोकळा. राउंडच्या वेळी मोठ्या डॉक्टरांनी ते पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, याला म्हणतात डोकं." त्या दिवशी स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

सिस्टर मात्र औषधाच्या ट्रेमधून मान वर न करता म्हणाल्या, "डॉक्टर, सूर घाबरत नाही हो. माणूस घाबरतो."

"हे वाक्य परीक्षेत लिहू का, सिस्टर?"

"लिहा की. खाली माझं नाव नका घालू, नापास व्हाल."

सात नंबरच्या पलंगावर गिरणीवाले आले ते या गोष्टीनंतर आठवड्याभराने. पिठाच्या गिरणीत चाळीस वर्षं काढलेला माणूस. पीठ नुसतं कपड्यांवर नव्हतं, छातीतही जाऊन बसलं होतं. दमा जुना, त्यात ताप भरला, आणि आदल्या संध्याकाळी श्वास पुरेना म्हणून नळी घालावी लागली. बरोबर मुलगा आणि मुलगी. मुलगी धाकटी, सासरहून तशीच निघून आलेली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. डॉक्टरने दोघांना शिकवलं: तुमच्या श्वासाबरोबर.

रात्र मुलाने काढली. सकाळी दहाला एका इंजेक्शनची चिठ्ठी निघाली. ते हॉस्पिटलात नव्हतं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मिळणार होतं. मुलाने फुगा बहिणीच्या हातात दिला.

"येतो मी. हात थांबवू नकोस."

"नाही थांबवणार, दादा. तू जा."

अकराच्या सुमारास डॉक्टर सात नंबरवरून गेला. मुलगी दाबत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. "छान चाललंय, ताई," तो म्हणाला. तिने मान हलवली.

बाराला अपघात विभागात उलटलेल्या बसमधली माणसं आली आणि सगळा वॉर्ड तिकडे ओढला गेला. साडेबाराला तो कात्री घ्यायला धावत वर आला, जाताजाता सात नंबरकडे नजर गेली. हात चालू होता. "असंच चालू ठेवा," तो म्हणाला, आणि गेला.

एकला बोलावणं आलं.

गिरणीवाल्यांची छाती पिंपासारखी फुगून ताठ झाली होती. मानेच्या शिरा दोरीसारख्या वर, नाडी हाताला लागेना. सिस्टरांनी आधी फुगा नळीवरून काढला आणि दोन्ही तळव्यांनी बरगड्या दाबल्या. नळीतून हवा निघू लागली, निघतच राहिली, जणू कोंडून ठेवलेलं कोणी दार उघडल्यावर बाहेर पडावं. मग सुई घातली, छाती दाबली, इंजेक्शनं दिली. पंचवीस मिनिटं. डॉक्टरच्या कपाळावरचा घाम चष्म्यात उतरला. शेवटी सिस्टरांनीच त्याचा हात धरला. "पुरे, बाळा. गेले ते."

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं, पण कळलं होतं. आणि तिचा उजवा हात चालूच होता. रिकामा. मूठ मिटायची, उघडायची, मिटायची, उघडायची. हुंदक्यागणिक एकदा.

डॉक्टरने तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या छातीकडे. दोन्ही एका तालात. नको असताना तो मोजत गेला, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरून आला तेव्हा आकडा झाला होता चौतीस. त्या फुप्फुसांना मिनिटाला दहासुद्धा पुष्कळ होते. आत जाणारी हवा बाहेर पडायच्या आधीच दुसरी ढकलली जात होती, तास न् तास, आणि ढकलणारीला वाटत होतं आपण बाबांना श्वास देतोय. ती त्याने सांगितलं तसंच करत होती. अगदी तसंच.

तो जागच्या जागी उभा राहिला. सिस्टरांनी ते पाहिलं, आणि त्यालाही वेळ दिला नाही.

"असं आणखी कितीजणांना शिकवलंय?"

"तिघांना."

"मग इथे काय उभे राहताय?"

तो तिन्ही पलंगांपाशी गेला. प्रत्येकाच्या हातावर हात ठेवून त्याने आकडे मोजून दाखवले, सिस्टरांसारखं गाता येईना म्हणून. अकरा नंबरला एक म्हातारी नवऱ्यासाठी दाबत होती. तिची लय मात्र संथ होती. "मी आपली जप करते रे," ती म्हणाली, "तुझं ते श्वासाचं मला जमेना. रागावू नकोस."

मग तो मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेला आणि सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते, थकलेले होते. टेबलावर डबा न उघडता तसाच पडला होता.

"फुप्फुसं खलास झालेली होती. आज नाही तर आठवड्याने."

"कदाचित, सर."

"केसपेपरवर जुना विकार लिही. खोटं नाहीये ते."

"त्यांना सांगायला नको?"

"कुणाला सांगणार? काय सांगणार? माणसांची यंत्रं करून आपण इथे कारभार रेटतो, त्यातलं एक बिघडलं, असं? मागच्या वर्षी नातेवाइकांनी काचा फोडल्या तेव्हा तू नव्हतास. शिकाऊपणा पुरा झाल्याचं तुझं पत्र माझ्या सहीने निघायचंय. तक्रार वर गेली तर मी सही करू शकणार नाही. सहा महिने फुकट, कदाचित सगळंच. नीट विचार कर." त्यांनी डबा जवळ ओढला. "मी तुला गप्प बस म्हणत नाही. विचार कर म्हणतोय."

घरी त्याची आई दारावर त्याच्या नावाची पाटी लावून बसली होती, नावाआधी ‘डॉ.’ लिहून. अजून वेळ आहे म्हणून त्याने ती दोनदा काढायला लावली होती.

तो वॉर्डात परतला तेव्हा मुलगा आलेला होता. बर्फाच्या पिशवीत घातलेलं इंजेक्शन अजून त्याच्या हातात होतं, आणि पिशवीतून पाणी गळून फरशीवर थारोळं झालं होतं.

"सकाळी बरे होते ते," तो बहिणीला म्हणत होता. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "रात्रभर मी दाबत होतो, बरे होते. तीन-चार तास गेलो मी. तू काय केलंस?"

"सांगितलं तसंच केलं, दादा."

"झोप लागली असेल."

"नाही रे."

"हात थांबला असेल. खरं सांग. मी काही बोलणार नाही, पण खरं सांग."

मग तिला डॉक्टर दिसला आणि बुडत्याने काठाकडे पाहावं तशी ती त्याच्याकडे वळली. "तुम्ही सांगा ना डॉक्टर. तुम्ही दोनदा बघून गेलात. माझं काही चुकलं का?"

‘नाही’ म्हणणं सोपं होतं. खरंही होतं. पण भावाचे डोळे त्याने पाहिले, आणि त्याला कळलं की नुसत्या ‘नाही’ने काही होणार नाही. हा माणूस ते सांत्वन समजेल. ही पोर ते सांत्वन समजेल. आणि मरेपर्यंत दोघं एकमेकांकडे तसंच बघत राहतील.

"तुमचा हात थांबला नाही," तो म्हणाला. "मी शिकवलं ते चुकीचं होतं. तुमच्या श्वासाबरोबर दाबा म्हणालो. माणूस रडताना श्वास भराभर घेतो. हवा आत साचत गेली, बाहेर येऊ शकली नाही. त्याने झालं. त्यांची छाती आधीच खराब होती, पण आज झालं ते त्याने."

बर्फाची पिशवी खाली पडली. मुलाने त्याची कॉलर धरली, चष्मा उडाला, जोडलेली काडी निखळली. डॉक्टरने हात वर केला नाही. सिस्टर दोन पावलं पुढे आल्या आणि थांबल्या.

"दादा, सोड त्यांना," मुलगी म्हणाली. "रात्री तूही तसंच दाबत होतास. तू रडत नव्हतास, एवढंच."

मुलाची मूठ सुटली. हळूहळू सुटली. तो पलंगाच्या कडेला बसला, वडिलांच्या पायांशी, आणि त्यांच्या अंगावरची चादर उगाच नीट करत राहिला.

मुलगी डॉक्टरकडे बघत होती. "मग तुम्ही मला छान का म्हणालात?"

"मी तुमच्याकडे बघितलं," तो म्हणाला. "त्यांच्या छातीकडे बघितलं नाही."

तिने ते ऐकलं. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि तिने का म्हणावं? सिस्टरांनी तिचा उजवा हात आपल्या हातांत घेतला आणि बोटं एकेक करून चोळायला सुरुवात केली. हात अजून मिटतच होता.

बऱ्याच वेळाने मुलगा म्हणाला, "मला तक्रार लिहायचीय."

वॉर्डात कोरा कागद नव्हता. तो कधीच नसे. डॉक्टरने जुन्या फॉर्मची मागची बाजू काढून दिली, खिशातलं पेन दिलं. मुलगा गुडघ्यावर कागद ठेवून लिहू लागला. एका ठिकाणी अडला.

"नाव काय तुमचं?"

डॉक्टरने आपलं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि मुलाने ते नीट लिहीपर्यंत तो थांबला. मग कागदावर वाकून, चष्मा नसल्याने डोळे बारीक करून वाचलं. "इथे ‘बहिणीने फुगा दाबला’ लिहिलंय. त्याच्यापुढे ‘डॉक्टरने शिकवल्याप्रमाणे’ घाला."

मुलाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि घातलं.

चारला त्यांनी गिरणीवाल्यांना नेलं. मुलगी स्ट्रेचरच्या मागून गेली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. कागद वरच्या मजल्यावर गेला. मोठ्या डॉक्टरांनी नव्या डॉक्टरला बोलावलं नाही. उद्या बोलावतील, हे त्याला माहीत होतं, आणि काय बोलतील तेही.

अकरा नंबरची म्हातारी सकाळपासून उपाशी होती. तो तिच्याजवळ गेला. "आजी, द्या इकडे. चार घास खाऊन या."

"जमेल ना तुला?"

त्याने फुगा हातात घेतला. दाबला. सोडला. लगेच पुन्हा दाबावासा वाटला. त्याचाच श्वास त्याच्या छातीत धावत होता. म्हातारी डबा घेऊन अर्धवट उठली होती, ती परत बसली.

"गाणं येतं का कोणतं?"

"नाही, आजी. कधी शिकलो नाही."

"मग मी म्हणते," ती म्हणाली, आणि डबा मांडीवर मिटलेला ठेवून तिने देवाचं नाव घेतलं. एकदा. तो थांबला. नवऱ्याची छाती खाली गेली, पार तळापर्यंत गेली, आणि मग तिने दुसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा त्याने फुगा दाबला.